आचार्य हॉल्डेन

विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात कोळशाच्या अनेक खाणी होत्या. त्यांपैकी एका खाणीच्या तोंडाशी एके दिवशी चार माणसे जमली होती. साखळीला बांधलेल्या मोठ्या डोलात बसून ती खाली काळोखात उतरली. त्यांच्यामध्ये एक शाळकरी मुलगा होता. त्याचे वडील त्याला मुद्दाम बरोबर घेऊन आले होते.

खाली पोहोचल्यावर एका अरुंद बोगद्यातून सरपटत सरपटत सर्वजण एका मोकळ्या जागी आले. तेथे छत बरेच उंच होते. बरोबरच्या एकाने आपला जाळीचा दिवा हळूहळू छताकडे नेला. दिव्यात निळी ज्योत भरून आली आणि फट् असा आवाज होऊन दिवा विझला. मग वडिलांनी मुलाला उभे राहावयास सांगितले व शेक्सपिअरच्या ‘ज्यूलिअस सीझर’ या नाटकातील अँटनीचे प्रसिद्ध भाषण मोठ्याने म्हणावयास सांगितले. मुलगा उभा राहिला आणि म्हणू लागला. परंतु चारदोन ओळी होतात न होतात तोच त्याला धाप लागली. पाय लटपटू लागले, आणि भाषण तसेच अर्धवट सोडून तो जमिनीवर कोसळला. आश्चर्य असे की, जमिनीवर पडताच त्याचा श्वास पूर्ववत चालू लागला व थोड्याच वेळात तो उठून बसला!

छताशी मिथेन नावाचा वायू साचलेला होता. हा वायू हवेहून हलका असतो, म्हणून तो वर जाऊन राहतो व तेथील चांगली हवा बाजूला सारतो. मुलाला श्वासावाटे पुरेसा प्राणवायू मिळेना, म्हणून तो खाली पडला. जमिनीलगतची हवा मात्र चांगली होती. दिव्याभोवती तारेची बारीक जाळी नसती, तर त्या वायूने पेट घेऊन सर्वांचाच घात झाला असता. मिथेन हवेपेक्षा हलका असतो हे वाक्य पुस्तकातून पाठ करावयास अर्धे मिनिट पुरे. पण त्या मुलाला ते जन्मभर विसरता आले नाही. असा धडा देणारे वडील विरळाच, आणि प्रत्येक वडिलांनी तो द्यावा असेही मी म्हणणार नाही!

हा मुलगा म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन. पृथ्वीवर पहिला जीव कसा निर्माण झाला असेल, या अतिप्राचीन कोड्याला त्यांनी एक नवे उत्तर सुचविले. विशेष म्हणजे, त्या उत्तराच्या मुळाशी प्राणवायू नसलेल्या हवेचाच विचार होता.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. घरी त्यांना जॅक म्हणत. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे मोठे अभ्यासक होते. खाणीत स्फोट झाला म्हणजे बहुतेक कामगार स्फोटाच्या धक्क्याने मरत नाहीत, तर त्यानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने गुदमरून मरतात, हे त्यांनी दाखवून दिले. उंदीर किंवा कॅनरी पक्षी बरोबर न्यावा, म्हणजे विषारी वायूची बाधा त्या चिमुकल्या जिवाला आधी होऊन माणसे सावध होतील, असा उपायही त्यांनीच सुचविला. हा वायू शरीरावर काय परिणाम करतो हे पाहण्यासाठी त्यांनी तो स्वतः हुंगला होता. दुसऱ्याच्या जिवाशी खेळण्यापूर्वी प्रयोग स्वतःवर करावा, असा त्या घरचा रिवाजच होता.

लहानगा जॅक पित्याच्या प्रयोगशाळेतच वाढला. सांगतात की, एकदा तो पडला, कपाळाला खोक पडली आणि रक्त वाहू लागले. तेव्हा रडण्याऐवजी त्याने विचारले की, या रक्तात प्राणवायू मिसळलेला आहे की कार्बन मोनॉक्साइड? गोष्ट खरी असो वा रचलेली असो, मुलाचा स्वभाव तिच्यात नेमका उतरला आहे. तेराव्या वर्षी पित्याने त्याला स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरविले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा असल्याने त्यात पाणी शिरू लागले, तरी तो गडबडला नाही.

पुढे त्याला ईटन येथील नामांकित शाळेत घातले. तेथे थोरल्या मुलांनी त्याचा फार छळ केला. अन्यायी अधिकाराविषयी त्यांच्या मनात जन्मभर जी चीड राहिली, तिचे बीज बहुधा तेथेच पडले असावे. नंतर ऑक्सफर्ड विद्यापीठात त्यांनी गणिताचा आणि ग्रीक व लॅटिन या भाषांतील प्राचीन वाङ्मयाचा अभ्यास केला व उच्च श्रेणी मिळविली. आणि मौज पाहा, इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाजवळ विज्ञानाची पदवी अशी कधीच नव्हती. विज्ञान त्यांनी पित्याजवळ बसून शिकून घेतले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले व तरुण हॉल्डेन सैन्यात दाखल झाले. १९१५ मध्ये जर्मनांनी क्लोरीन या विषारी वायूचा मारा केला, तेव्हा पिता-पुत्र दोघांनी त्या वायूने भरलेल्या खोलीत बसून निरनिराळ्या मुखवट्यांची परीक्षा पाहिली. पुढे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हॉल्डेन जखमी झाले आणि प्रकृती सुधारावी म्हणून त्यांना हिंदुस्थानात पाठविण्यात आले. हा देश त्यांना तेव्हाच आवडला. परंतु राज्यकर्त्यांपैकी एक म्हणून येथे राहणे त्यांना रुचेना. हा देश स्वतंत्र झाल्यावर पुन्हा यावयाचे, असे त्यांनी मनाशी ठरविले.

युद्ध संपल्यावर १९२३ साली ते केंब्रिज विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. रक्तातील आम्लता वाढली म्हणजे श्वासोच्छ्वासावर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहावयाचे होते. हायड्रोक्लोरिक आम्लात पुष्कळ पाणी घालून त्यांनी ते पिऊन पाहिले, पण पुरेसे तीव्र आम्ल प्यावे तर दात आणि घसा दोन्ही जावयाचे. म्हणून त्यांनी एक युक्ती योजिली. आपल्याकडे कल्हईवाले वापरतात तो नवसागर त्यांनी पाण्यात विरघळवून घेतला. नवसागर शरीरात गेला म्हणजे त्यातील अमोनियाचे शरीर दुसऱ्या पदार्थात रूपांतर करते आणि मागे आम्ल उरते. ही युक्ती सफल झाली. हॉल्डेन यांना कित्येक दिवस सारखी धाप लागत राहिली! पण तान्ह्या मुलांना येणाऱ्या एका प्रकारच्या आचक्यांवर पुढे हाच उपाय डॉक्टरांच्या उपयोगी पडला. मुलांनो, असले प्रयोग तुम्ही मात्र चुकूनही करू नका. हॉल्डेन प्रत्येक पाऊल मापून टाकीत असत आणि त्यांच्या पाठीशी पित्याचा व स्वतःचा वर्षानुवर्षांचा अभ्यास होता.

या केंब्रिजच्या वास्तव्यातच त्यांचे लक्ष त्या जुन्या कोड्याकडे वळले.

फार पूर्वी लोकांना वाटे की, कुजक्या मांसातून अळ्या आपोआप निपजतात आणि चिखलातून बेडूक जन्मतात. १६६८ साली इटलीतील फ्रान्सेस्को रेदी यांनी मांसाच्या भांड्यांवर कापड बांधून दाखविले की, माश्यांना आत शिरू दिले नाही तर अळ्या होत नाहीत. पुढे फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूंत रस उकळून ठेवला. हवा आत जाई, पण धूळ आणि तिच्यातील सूक्ष्म जीव नळीच्या वळणात अडकून पडत. रस महिनोन् महिने निर्मळ राहिला. १८६० नंतरच्या या प्रयोगांनी वाद मिटला व जिवातूनच जीव जन्मतो हे सर्वांनी मान्य केले.

परंतु एक गाठ सुटली, तोच दुसरी बसली. जिवातूनच जीव होतो असे म्हटले, तर अगदी पहिला जीव कोठून आला? पृथ्वी एके काळी तप्त होती, तेव्हा तिच्यावर जीव असणे शक्यच नव्हते. काही विद्वान म्हणत, जिवाचे बीज आकाशातून दुसऱ्या ग्रहावरून आले असेल. पण याने कोडे सुटत नाही, ते केवळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवले जाते.

१९२९ साली हॉल्डेन यांनी लंडनहून निघणाऱ्या एका वार्षिकात काही पानांचा एक छोटासा लेख लिहिला. त्यातील विचार असा होता.

आज आपण श्वासावाटे घेतो तो प्राणवायू हवेत आला कोठून? तो हिरव्या वनस्पती तयार करतात. मग ज्या काळी वनस्पती नव्हत्या, त्या काळी हवेत प्राणवायूही जवळजवळ नसलाच पाहिजे. तेव्हाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, पाण्याची वाफ असे वायू असतील. आपल्याला त्या हवेत मिनिटभरही जगता आले नसते. खाणीतल्या छताखाली त्या मुलाची जी गत झाली, तीच आपली झाली असती, आणि खाली पडूनही सुटका झाली नसती!

आता याची दुसरी बाजू पाहा. आकाशात उंचावर ओझोन नावाच्या वायूचा थर आहे. तो सूर्याचे घातक अतिनील किरण अडवितो. ओझोन हा प्राणवायूपासूनच बनतो. प्राणवायू नाही म्हणजे ओझोनही नाही, आणि ओझोन नाही म्हणजे हे किरण थेट समुद्राच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचणार. पाणी, कार्बन डायऑक्साइड व अमोनिया यांच्या मिश्रणावर अतिनील किरण पडले तर साखरेसारखे आणि प्रथिनांच्या घटकांसारखे पदार्थ तयार होतात, असे प्रयोग त्या सुमारास प्रसिद्ध झाले होते. हॉल्डेन यांनी त्यांचा आधार घेतला.

असे पदार्थ आज एखाद्या डबक्यात तयार झाले, तर काय होईल? जीवजंतू ते तत्काळ खाऊन टाकतील, नाही तर प्राणवायूने त्यांचा नाश होईल. परंतु त्या काळी खाणारे कोणी नव्हते आणि प्राणवायूही नव्हता. म्हणून हे पदार्थ लक्षावधी वर्षे साचत राहिले, साचत राहिले, आणि अखेर सारा समुद्र म्हणजे जणू एक पातळ, कढत कढण होऊन गेला. कढणाचे पातेले आपल्या घरी चुलीवर असते. हे कढण पृथ्वीएवढ्या पातेल्यात शिजत होते.

त्या कढणात मोठमोठे रेणू बनू लागले. त्यांतील एखादा रेणू असा निघाला की, भोवतालच्या पदार्थांतून तो स्वतःसारखाच दुसरा रेणू घडवू शकला. त्याला जिवंत म्हणावे की निर्जीव? हॉल्डेन यांच्या पुढे विषाणूंचे उदाहरण होते. विषाणू एकटा असला म्हणजे जडवस्तूसारखा पडून राहतो. पण दुसऱ्याच्या पेशीत शिरला की त्याची वाढ होते. सजीव आणि निर्जीव यांच्यामध्ये आपण समजतो तशी भिंत नसून एक रुंद उंबरठा असावा व त्या उंबरठ्यावर असे रेणू दीर्घकाळ उभे असावेत, असे त्यांना वाटे. पुढे केव्हा तरी तेलकट पदार्थाच्या पातळ पापुद्र्यात असे अनेक रेणू एकत्र कोंडले गेले आणि पहिली पेशी झाली.

ही पहिली पेशी प्राणवायूवाचून जगत असली पाहिजे. अशी राहणी आजही नाहीशी झालेली नाही. दुधाचे दही करणारे जीव प्राणवायूवाचून आपले काम करतात. इतकेच काय, तुम्ही शर्यतीत जिवाच्या आकांताने पळता तेव्हा रक्तातला प्राणवायू स्नायूंना पुरत नाही, आणि मग तेही काही काळ त्याच्यावाचून शक्ती निर्माण करतात. त्या आद्य समुद्रातील राहणी आपण अजून अंगात बाळगून आहोत!

या लेखाकडे त्या वेळी फारसे कोणी गंभीरपणे पाहिले नाही. बहुतेकांना तो कल्पनेचा खेळ वाटला. हॉल्डेन यांनीही तो सिद्धांत म्हणून ठासून मांडला नव्हता. यातील गोष्टी प्रयोगशाळेत करून दाखविल्या जाईपर्यंत हा तर्कच राहील, अशीच त्यांची भूमिका होती. एरवी शंका आली की ते स्वतःचे शरीर पणाला लावीत. येथे मात्र त्यांचे शरीर काही कामाचे नव्हते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा साक्षीदार कोठून आणावयाचा?

हा लेख लिहिला तेव्हा त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मॉस्को येथील अलेक्सांद्र ओपारिन या तरुण शास्त्रज्ञाने १९२४ सालीच पुष्कळसा असाच विचार एका रशियन पुस्तिकेत मांडला होता. ती पुस्तिका इंग्लंडपर्यंत पोहोचली नव्हती. दोन देशांतील दोन माणसांनी, एकमेकांची ओळखदेख नसताना, एकाच वाटेवर पाऊल टाकले होते.

त्यानंतरची वीस वर्षे हॉल्डेन दुसऱ्याच कामांत गुंतले. १९३२ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले व १९३३ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक म्हणून शिकवू लागले. डार्विनने सांगितलेली नैसर्गिक निवड किती वेगाने घडते, याचे गणित त्यांनी बसविले. गणित आणि जीवशास्त्र यांची अशी सांगड घालणाऱ्या पहिल्या तिघा-चौघांत त्यांचे नाव घेतले जाते.

१ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात बुडाली. आत १०३ माणसे होती. त्यांपैकी फक्त ४ वाचली. उरलेली ९९ माणसे कशी मेली, हे शोधण्याचे काम हॉल्डेन यांच्याकडे आले. तेव्हा पोलादी कोठडीत स्वतःला व आपल्या काही साथीदारांना कोंडून घेऊन, आतली हवा दूषित होत असताना काय काय होते, याची त्यांनी नोंद केली. दुसऱ्या महायुद्धातही हे काम चालू राहिले. खोल पाण्यात दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू हुंगला तर माणसाला भयंकर आचके येतात. असा एक आचका हॉल्डेन यांना इतका जोराचा आला की, त्यांच्या पाठीचे मणके दुखावले व ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले. ज्याला आपण प्राणवायू म्हणतो, तोच मात्रेबाहेर गेला की प्राण घेऊ पाहतो. पृथ्वीवरच्या आद्य जिवांनाही तो विषच होता. पुढे काही जिवांनी तो तयार करावयास आरंभ केला व सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला. मग त्याच्याशी जमवून घेणारे जीव टिकले, आणि बाकीच्यांना चिखलात किंवा खोल पाण्यात आसरा घ्यावा लागला.

एवढ्या धैर्यवान पुरुषाच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. गरिबांविषयीच्या कळवळ्यामुळे ते साम्यवादी पक्षाला मिळाले होते. रशियात लिसेंको नावाच्या माणसाने सत्तेच्या जोरावर आनुवंशिकीचा खरा अभ्यास बंद पाडला. वाव्हिलोव्ह यांच्यासारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मरण पावला. वाव्हिलोव्ह हे हॉल्डेन यांच्या परिचयाचे होते. तरीही हॉल्डेन बरीच वर्षे स्पष्ट बोलले नाहीत. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले. विषारी वायूच्या खोलीत बेधडक शिरणाऱ्या माणसाला आपल्याच मित्रांविरुद्ध बोलावयास इतका वेळ लागावा, याचे वाईट वाटते.

१९५३ साली अमेरिकेतून एक बातमी आली. शिकागो विद्यापीठात हॅरल्ड युरी यांच्या मार्गदर्शनाखाली स्टॅन्ली मिलर हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी संशोधन करीत होता. त्याने काचेच्या दोन चंबूंना नळ्यांनी जोडून एक बंद उपकरण तयार केले. खालच्या चंबूतील पाणी म्हणजे समुद्र. वरच्या चंबूत मिथेन, अमोनिया व हायड्रोजन हे वायू भरले, ते म्हणजे आद्य हवा. पाणी उकळत ठेवले, म्हणजे वाफ वर जाई. वरच्या चंबूत विजेच्या ठिणग्या सारख्या पडत असत, त्या म्हणजे आकाशातील विजा. पुढे वाफ थंड होऊन पाण्याच्या रूपाने पुन्हा खाली उतरे, जणू पाऊसच. एका दिवसात पाणी गुलाबी दिसू लागले, आठवड्याच्या अखेरीस ते गडद तांबडे झाले. त्या पाण्याची तपासणी केली तेव्हा त्यात ग्लायसीन, अलानीन अशी अमिनो आम्ले सापडली. ज्या विटांनी प्रथिनांची इमारत रचली जाते, त्या याच.

जीव काही त्या चंबूत निर्माण झाला नव्हता. विटा पडलेल्या असणे वेगळे आणि घर उभे राहणे वेगळे. परंतु जिला लोक कल्पनेचा खेळ म्हणत होते, तिची पहिली पायरी काचेच्या भांड्यात दिसली होती. पुढे १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावी पडलेल्या उल्केतही अमिनो आम्ले सापडली. मिलर यांनी जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या २००८ साली नव्या यंत्रांनी तपासल्या, तेव्हा त्यांत वीसहून अधिक अमिनो आम्ले मिळाली. आजच्या शास्त्रज्ञांना मात्र वाटते की, आद्य हवेत मिथेन आणि अमोनिया मिलर यांनी घेतले तेवढे नसावेत. कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजनच अधिक असावेत. जिवाचा आरंभ उन्हाने तापलेल्या उथळ पाण्यात झाला, की सागरतळाशी असलेल्या गरम झऱ्यांजवळ झाला, यावरही मतभेद आहेत. असे झरे १९७७ साली प्रशांत महासागरात प्रथम दिसले. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे धरले आहे आणि जिवाच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आढळल्या आहेत. मधल्या काळात नेमके काय घडले, हा शोध अजून चालूच आहे.

१९५७ साली हॉल्डेन यांनी इंग्लंड सोडले. सुएझ कालव्यासाठी आदल्या वर्षी इंग्लंडने इजिप्तवर केलेली चढाई त्यांना मुळीच पसंत नव्हती. शिवाय तरुणपणी मनाशी केलेला निश्चय होताच. थट्टेने ते असेही सांगत की, साठ वर्षे पायमोजे घातले, एवढे पुरे झाले! प्रा. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले. येथे ते सुती भारतीय पोशाख वापरू लागले व मांसाहार त्यांनी वर्ज्य केला. १९६१ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले.

आमच्याजवळ महागडी यंत्रे नाहीत, मग संशोधन कसे करावे, अशी कुरकूर येथील काही विद्यार्थी करीत. हॉल्डेन त्यांना बागेत घेऊन जात. पारिजातकाच्या सर्व फुलांना पाकळ्या सारख्याच असतात काय? मोजून पाहा. नारळाच्या झाडावर झावळ्यांचा फेरा डावीकडे जातो की उजवीकडे? मोजून पाहा. डोळे, वही आणि चिकाटी एवढ्या सामग्रीवर त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले काम जगातील नियतकालिकांत छापून आले. १९६१ मध्ये त्यांनी ती संस्था सोडली व १९६२ साली ते भुवनेश्वरला आले. तेथे त्यांच्यासाठी ओरिसा सरकारने आनुवंशिकीची एक प्रयोगशाळा उभी केली होती.

१९६३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात जिवाच्या उगमावर विचार करण्यासाठी निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे हॉल्डेन व ओपारिन यांची प्रथमच भेट झाली. एक एकाहत्तरीला टेकलेले, दुसरे सत्तरीच्या उंबरठ्यावर. एकच कल्पना दोघांच्या नावाने जगभर ओळखली जात होती. अशा वेळी आपला हक्क सांगण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. हॉल्डेन यांनी भर सभेत सांगून टाकले की, ही कल्पना आपल्या आधी ओपारिन यांनी मांडली होती आणि अग्रमान त्यांचाच आहे.

त्याच प्रवासात आपली प्रकृती ठीक नसल्याचे त्यांच्या लक्षात आले. लंडनला तपासणी झाली तेव्हा तो कर्करोग ठरला. शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातील खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी आपल्या रोगावर एक विनोदी कविता लिहिली. शंका येताच लोकांनी डॉक्टरांकडे जावे, लपवून ठेवू नये, हा तिचा हेतू होता. काहींना ती थट्टा रुचली नाही, पण ती वाचून किती जणांनी वेळीच तपासून घेतले असेल कोण जाणे. बीबीसीसाठी त्यांनी स्वतःचा मृत्युलेखही स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवला.

मग ते भुवनेश्वरला परत आले आणि जमेल तितके काम करीत राहिले. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. आपला देह दहन किंवा दफन न करता वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. त्याप्रमाणे तो आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविण्यात आला.